सहाव्या भागात सरदार चावलाच नाही

मी एका कादंबरी-मालिकेचा जुना सहावा भाग आहे. मित्रांनो, पहिला भाग असणे सोपे असते. त्याच्याकडून कुणाची काहीच अपेक्षा नसते. शेवटच्या भागाचेही बरे असते, कारण तो हाती घेताना वाचक आधीच हळवे झालेले असतात. सहावा भाग मात्र पाच थोरल्या भावंडांच्या पाठीवर जन्माला येतो. त्याने घरात पाऊल टाकायच्या आधीच तुलना सुरू झालेली असते.

आमच्या मालिकेचा नायक एक रक्तपिपासू सरदार आहे. वय वर्षे तीनशे. चेहरा पांढराफटक, आरशात दिसत नाही, उन्हात निघत नाही, आणि ज्याला चावेल तो त्याच्यासारखाच अमर होतो. पहिल्या पाच भागांत तो एकूण एकशे बारा जणांना चावला. हा आकडा माझा नाही. आमच्या वाचनालयात येणाऱ्या एका बस कंडक्टरने तो मोजून काढला होता.

माझा जन्म छापखान्यात झाला. मोठाल्या कागदांवर मी छापला गेलो, मग माझ्या घड्या पडल्या, शिलाई झाली, पाठीला गरम सरस लागला. तेव्हा चटका बसला, पण त्याच्याच जोरावर मी आजवर टिकलो. बांधणीचे काम करणाऱ्या एका मामांनी मला हातात घेऊन उलटेपालटे केले. माझ्या मुखपृष्ठावर पांढऱ्या केसांचा सरदार खुर्चीत बसून लोकर गुंडाळत होता.

"अरे, रक्ताचा एक थेंब नाही यावर," मामा म्हणाले. "चुकून दुसऱ्याच पुस्तकाचं कव्हर लागलं की काय?"

माझ्याबद्दल व्यक्त झालेले पहिले मत ते हेच.

तिथून मी एका वाचनालयात आलो. ग्रंथपालबाईंनी मला प्लास्टिकचे कव्हर घातले, शिक्का मारला आणि पाचही भावंडांच्या शेजारी उभे केले. पण मी उभा राहिलो जेमतेम अर्धा तास. माझी वाट बघणाऱ्यांची यादी तयारच होती. पहिल्या वर्षात मी घराघरांत फिरलो, उशांखाली दबलो, चहाचे डाग अंगावर घेतले. लाडात वाढलो म्हणा ना.

माझ्या आत काय आहे, ते सांगितल्याशिवाय पुढचे कळायचे नाही. माझ्यात सरदार एका गावात येऊन राहतो आणि घड्याळे दुरुस्त करणाऱ्या एका बाईच्या प्रेमात पडतो. दोघे वीस वर्षे एकत्र राहतात. ती म्हातारी होते, तो होत नाही. मग ती आजारी पडते. एकदा चावला की ती कायमची वाचणार असते. तो विचारतो. ती नको म्हणते. आणि सरदार तिचे ऐकतो. तिच्या उशाशी बसून तिची लोकर गुंडाळतो, तिला सूप भरवतो, आणि एके सकाळी ती जाते. संपले. तीनशे चाळीस पानांत सरदार एकालाही चावत नाही.

यावरून वाचनालयात जी खडाजंगी झाली, ती काय सांगू!

"पाच भाग मी जीव मुठीत धरून वाचले," कंडक्टर टेबलावर मला आपटून म्हणाला, "आणि सहाव्यात हा सूप ढवळतोय? याचे दात काय गहाण पडले होते?"

त्याच्या मागे उभ्या असलेल्या निवृत्त शिक्षिका फणकारल्या, "आपटू नका हो त्याला! पाच भागांत नुसता जनावरासारखा वागत होता. आत्ता कुठे माणूस वाटायला लागलाय."

"बाई, माणसंच वाचायची तर मी बसमध्ये रोज बघतो की!"

शेवटी ग्रंथपालबाईंनी भिंतीवर एक मोठा कागद लावला आणि ज्याला जे वाटेल ते लिहा म्हणून सांगितले. महिन्याभरात तो भरला. कुणी लिहिले, 'उत्तम'. त्याखाली कुणी लिहिले, 'उत्तम झोप लागते'. मला वाईट वाटायचे, नाही असे नाही. पण एवढ्या लोकांना एकमेकांशी बोलताना बाईंनी त्या खोलीत पूर्वी कधी पाहिले नव्हते, असे त्या स्वतःच म्हणाल्या.

आता त्या दोघांबद्दल सांगतो, ज्यांच्यासाठी मी हे सगळे सांगायला बसलो.

ती रक्तपेढीत काम करायची. तिच्याबरोबरच्या लोकांना याची फार गंमत वाटायची. "दिवसभर रक्त बघतेस ते पुरत नाही का?" असे ते विचारायचे. तिला एक धाकटा भाऊ होता. घरात सगळे त्याला धाकटाच म्हणायचे. तो कवळ्या बनवायचा. रक्ताची एक आणि दातांचा एक! लहानपणी दोघांना एकदमच ताप आला असताना त्यांच्या आईने आमचा पहिला भाग आणून दिला होता. तेव्हापासून प्रत्येक भाग दोघांनी मिळून वाचला होता.

माझी पाळी आली तेव्हा त्यांची आई जाऊन आठ महिने झाले होते.

ताईने मला दोन दिवसांत वाचले. शेवटची पाने वाचताना ती रडली, पण ते रडणे जड नव्हते. तिने डोळे पुसले, मला पिशवीत घातले आणि सरळ भावाच्या दुकानात नेऊन दिले. आपल्याला जे सांगता आले नाही ते हे पुस्तक सांगेल, असे तिला वाटले असावे. माझ्यावर एवढा विश्वास कुणीच टाकला नव्हता. मी मात्र तिथे सपशेल तोंडघशी पडलो.

चार दिवसांनी ती पुन्हा आली. धाकटा प्लास्टरचा एक जबडा घासत बसला होता.

"वाचलंस?"

"वाचलं. भिकार आहे."

"शेवट तरी..."

"शेवटच भिकार आहे. त्याच्याकडे उपाय होता, ताई! नुसतं एकदा चावायचं होतं. आणि हा बसून लोकर गुंडाळतो."

"ती नको म्हणाली होती ना रे."

"आजारी माणूस नकोच म्हणतं! म्हणून आपण ऐकायचं?"

ताई हळू आवाजात म्हणाली, "तू आईबद्दल बोलतोयस."

"मी पुस्तकाबद्दल बोलतोय," धाकटा ओरडला. "त्या सरदाराने निदान तिच्या भावाला एक फोन तरी करायचा!"

मित्रांनो, माझ्यातल्या घड्याळवालीला भाऊ नाही. माझ्यात फोनही नाही.

ताई उठून निघून गेली. तिची पावले जिन्यावरून उतरल्याचा आवाज थांबल्यावर धाकट्याने मला उघडले आणि घड्याळवाली नको म्हणते ती दोन पाने टर्रकन फाडली. त्यांचा चोळामोळा केला. मग मला आणि त्या बोळ्याला एकाच खणात टाकून खण बंद केला.

पाने फाटल्यावर कसे वाटते, ते मी सांगणार नाही. पण ऐकणे मला चुकले नाही. डॉक्टरांनी आणखी एक ऑपरेशन सुचवले होते. धाकटा तेव्हा कामासाठी दूरच्या शहरात होता. ताईने ऑपरेशन करू दिले नाही, आईला घरी आणले, आणि त्याला कळवायला उशीर केला. तो पोहोचला तेव्हा आईला बोलता येत नव्हते. एवढे मला, येणाऱ्याजाणाऱ्यांशी तो जे तुटक बोलायचा, त्यातून कळले.

त्या खणात मी पाच महिने होतो. आजूबाजूला जुन्या कवळ्या. रक्तपिपासूच्या पुस्तकाला याहून शोभणारी जागा मिळाली नसती, पण तेव्हा मला हसू येत नव्हते. अंगावर प्लास्टरची भुकटी बसली, पाठ आखडली. माझ्यासाठी यादीत नाव लावून बसलेले वाचक खोळंबले. वाचनालयातून ताईला दोन चिठ्ठ्या गेल्या, हे मला नंतर समजले. पण तिने भावाकडे मला मागितले नाही. दोघांचे बोलणेच बंद होते.

मग एका दुपारी दुकानात एक आजी आल्या. बरोबर त्यांचा मुलगा होता. आजींची कवळी तडकली होती.

"ही टाकूनच द्या," मुलगा म्हणाला. "मी चौकशी केलीय. हाडात स्क्रू बसवून पक्के दात करतात ना, ते करून घेऊ. चार-पाच वेळा यावं लागेल, थोडं दुखेल, पण जन्माची कटकट मिटेल."

"मला नको रे," आजी म्हणाल्या. "हीच सांधून द्या. हिची सवय झालीय."

"आई, तुला काही कळत नाही. तुम्ही लिहून घ्या हो."

"मला नको म्हटलं ना."

"तिचं ऐकू नका, ती असंच म्हणते."

आणि मी खणातून धाकट्याचा आवाज ऐकला. "अहो, त्या काय म्हणतायत ते ऐका तरी आधी! तोंड त्यांचं आहे."

त्याचे स्टूल सरकल्याचा आवाज आला. मग धाकटा अगदी मऊ आवाजात म्हणाला, "द्या आजी. तासाभरात सांधून देतो."

आजी कवळी घालून, मुलाला दटावत निघून गेल्या. धाकट्याने खण उघडला. तो बोळा बाहेर काढून त्याने टेबलावर ठेवला आणि बोटांनी सरळ करत करत उभ्यानेच वाचला. दोनदा वाचला. मग फोन लावला.

"ताई, येतेस का दुकानात? नाही, काही झालेलं नाही. ये ना."

ती रक्तपेढीतून तशीच आली. दारात उभी राहिली. तिला वाटले, पुन्हा भांडण.

"आई नेमकं काय म्हणाली होती?" त्याने विचारले. "डॉक्टरांनी ऑपरेशनचं काढलं तेव्हा. शब्दन्‌शब्द सांग. मी तुला कधी विचारलंच नाही."

ताई स्टुलावर बसली. "म्हणाली, मला घरी ने, माझ्या खिडकीशी. आता आणखी नळ्या नकोत. आणि म्हणाली..." ती अडखळली. "सांगू?"

"सांग."

"म्हणाली, धाकट्याला एवढ्यात कळवू नकोस. तो धावत येईल, माझ्या पायाशी बसून राहील, आणि मग मला हो म्हणावं लागेल."

धाकट्याने हातातली पाने खाली ठेवली. त्याला हसू आले, आणि त्या हसण्यातच तो रडायला लागला.

"बसलोच असतो," तो म्हणाला. "आणि तिने हो म्हटलंच असतं."

"तीन दिवस मी फोन हातात घेत होते आणि ठेवत होते. चौथ्या दिवशी केला. तो आधी करायला हवा होता, धाकट्या. तेवढं माझं चुकलं."

धाकटा 'नाही गं' म्हणाला नाही. "हो, करायला हवा होतास," असेच म्हणाला. पण म्हणताना त्याने आपले स्टूल ओढून तिच्या स्टुलाला टेकवले.

त्या दिवशी दुकान लवकर बंद झाले नाही, पण कामही झाले नाही. दोघांनी ती दोन पाने मोठ्याने वाचली. घड्याळवालीचे बोलणे ताईने वाचले. सरदाराचे धाकट्याने वाचले, तोंडात दोन लांब मेणाचे सुळे लावून. मध्येच एक सुळा पडला. ताई इतकी हसली की तिला ठसका लागला. मी मांडीवर उघडा पडलो होतो. एवढ्या प्रेमाने मला कुणी वाचले नव्हते, ना आधी ना नंतर.

मग धाकट्याने माझी दुरुस्ती केली. दातांच्या कामातला त्याचा हात! बारीक कुंचल्याने खळ लावून, पातळ कागदाची पट्टी जोडून त्याने पाने अशी बसवली की नुसत्या चुण्यांवरूनच ओळखू यावीत. दुसऱ्या दिवशी दोघे मला घेऊन वाचनालयात गेले.

"मीच फाडलं होतं," धाकटा म्हणाला. "राग आला होता."

ग्रंथपालबाईंनी चष्मा वर करून त्याच्याकडे पाहिले. "राग आला तर भिंतीवर कागद आहे. पुस्तकाने काय घोडं मारलं होतं?" मग त्यांनी त्याच्या हातात पेन दिले. "आधी मत लिहा. मग पुढचं पुस्तक मिळेल."

त्याने लिहिले, 'सरदाराने चावायला हवं होतं, असं मला अजूनही वाटतं. पण त्याने तिला विचारलं, हे बरं केलं.' त्याखाली ताईने लिहिले, 'मला आवडलं. मधली साठ पानं मात्र लांबवलीत.' हे वाचून मला जरा लागलेच! धाकटा मात्र खो खो हसला. "हे तू मला सांगितलं नव्हतंस!"

पुढे सातवा भाग आला. त्यात सरदार पन्नास जणांना चावला. तरीही लोक खूश नव्हते. "याच्यापेक्षा सहावा बरा होता," असे कंडक्टर सांगू लागला. शिक्षिकाबाई त्याच्याकडे बघून नुसत्या गालात हसायच्या. हळूहळू आमची मालिकाच मागे पडली आणि मी मागच्या कपाटात, खालच्या फळीवर गेलो. आता वर्षातून एखाददुसऱ्या वेळी मला कुणी नेते. कोपरे झिजले आहेत, शिलाई ढिली झाली आहे. तक्रार नाही. म्हातारपण सगळ्यांनाच येते, सरदाराला सोडून.

मित्रांनो, मला नावे ठेवा. भिकार म्हणा, कंटाळवाणा म्हणा. पुस्तकाचे त्याने काही बिघडत नाही. फक्त पाने फाडू नका, कारण तुमच्या मागे कुणीतरी वाट बघत असते. आणि ज्याचे मत तुमच्याहून अगदी उलटे असेल, त्याच्याशी भांडण्याआधी एकदा त्याच्याजवळ बसा. त्याने मला कोणत्या दिवसांत वाचले होते, ते विचारा.

सध्या मला एका मुलीने घरी नेले आहे. ती चाळिसाव्या पानावर आहे. मघाशीच मोठी जांभई देऊन म्हणाली, "शी! यात कुणी कुणाला चावतच नाही." पण तिने पानाचा कोपरा दुमडला नाही. आपल्या केसांची रिबीन सोडून ती खूण म्हणून माझ्यात ठेवली आणि मला हळूच मिटले.