ओळ उचलणारी

मोहिनीने शाल उलगडली, तिची दोन्ही टोकं धरली आणि समोरच्या बाईच्या खांद्यांवर टाकली. टाळ्या पडल्या. फोटोग्राफर खालून म्हणाला, "ताई, जरा हसा की." ती हसली. मग तिने नारळ दिला. वडीलधाऱ्या माणसाला नारळ दिल्यावर वाकायचं असतं म्हणून ती वाकली, तर बयाबाई झटकन दोन पावलं मागे सरकल्या.

"ऱ्हाऊ द्या, बाई," त्या हात जोडून म्हणाल्या. "तुम्ही नका पडू पाया."

माइकवर तेवढंही ऐकू गेलं आणि लोकांना बाईंच्या साधेपणाचं फार कौतुक वाटलं. पुन्हा टाळ्या.

बयाबाई मोहिनीची आई होती. नाशिकच्या शालिमारजवळच्या त्या नाट्यगृहात रविवारच्या सकाळी सहाशे माणसं तरी असतील. त्यांतल्या दोघींनाच हे ठाऊक होतं, आणि त्या दोघी स्टेजवर एकमेकींसमोर उभ्या होत्या.

सुनीलसरांचा यात काही दोष नव्हता. माणूस सरळ. चार वर्षं युरोपात संगीत शिकून नाशिकला परत आले होते आणि चाळीस गायक, सोळा वाद्यं घेऊन 'एक ओळ' नावाची रचना बसवत होते. ज्या बाईच्या तोंडून ही ओळ मिळाली, तिला मान मिळायलाच हवा म्हणून घोटीच्या पलीकडच्या वाडीत ते स्वतः जीप घेऊन गेले होते. सत्कार कुणाच्या हस्ते, हे मात्र त्यांना आयत्या वेळी सुचलं. "मोहिनी, तूच दे गं. तुमच्याच भागातल्या आहेत ना त्या?"

"हो," मोहिनी म्हणाली होती. हो! एवढंच सुचलं तिला.

आता हे सगळं सुरू झालं ते एका हसण्यावरून. तीन वर्षांपूर्वी ती या गायकवृंदात आली, तेव्हा शेजारी उभ्या राहणाऱ्या तृप्तीने विचारलं होतं, "घोटीची का तू? म्हणजे भाताच्या गिरणीवाले असाल." तृप्ती दातांची डॉक्टर, कॉलेज रोडला स्वतःचा दवाखाना. मोहिनी नुसती हसली. त्या हसण्याची गिरणी झाली. पुढे गिरणीला शेती जोडली गेली, शेतीवर कामाला बायका आल्या. खोटं असं मोहिनी कधी बोललीच नाही. लोक बोलत गेले आणि ती हसत गेली. आई दुसऱ्यांच्या खाचरात रोजाने आवणी करते, भाताची रोपं लावते, आपण आश्रमशाळेत शिकलो, डी.एड. करून इथल्या शाळेत लागलो, हे सांगायची वेळ दर आठवड्याला यायची आणि दर आठवड्याला निघून जायची.

यात लाजण्यासारखं काय होतं? काही नव्हतं. तिलाही ते कळत होतं, आणि तरी लाज वाटायची. मग लाज वाटते म्हणून आणखी लाज वाटायची. ही दुसरी पहिलीपेक्षा वाईट, कारण ती कुणाला सांगताही येत नाही.

गेल्या जुलैत सर म्हणाले, "तुमच्या शेतावर आवणीच्या बायका गात असतील ना? मला ऐकायचंय." ते यायच्या आदल्या रविवारी मोहिनी घरी गेली.

"आये, आमचे सर येणारेत. गाणं टेप करायला."

"येऊ दे की. भाकरी टाकते."

"जेवायला नको." मोहिनी दारातच उभी होती. "आणि आये, त्यांच्यासमोर मला हाक नको मारू."

बयाबाईने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. "मंग काय म्हणू?"

"ताई म्हण. नाहीतर काहीच नको म्हणू."

"बरं."

का, म्हणून विचारलं असतं तर भांडण तरी झालं असतं. बयाबाईने विचारलं नाही. जाताना पोरीच्या पिशवीत नाचणीचं पीठ घातलं, नेहमीसारखं.

आवणीच्या गाण्याची एक रीत असते. एकीने ओळ टाकायची, दुसरीने ती उचलायची, म्हणजे उत्तराची ओळ म्हणायची. काही ओळी ठरलेल्या माणसाच्या असतात. ते माणूस ऐकू येईल एवढ्या अंतरावर असेल, तर मधे दुसरीने तोंड घालायचं नाही. आणि टाकलेली ओळ खाचरात तशीच सोडून द्यायची नाही. कुणी उचलेपर्यंत ती परत परत टाकायची. वाडीतल्या शेंबड्या पोरींनाही हे ठाऊक असतं.

मोहिनी आश्रमशाळेतून पहिल्यांदा सुटीला आली, त्या पावसाळ्यात बयाबाईने एक ओळ रचली होती:

कोण येतंय गं बांधावरून, पाय भिजवीत

ती उचलायची मोहिनीने. सात वर्षांची होती तेव्हापासून उचलायची.

त्या दिवशी मोहिनी सँडल घालून बांधावर उभी, सरांच्या टेपरेकॉर्डरवर छत्री धरून. खाली अकरा बायका वाकलेल्या, हातात रोपांची एकेक मूठ, पाठीवर प्लास्टिकचे कागद. बयाबाईने मान वर केली, पोरगी दिसली, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने ओळ तोंडातून निघून गेली. निघाल्यावर तिच्या लक्षात आलं असावं. पण टाकलेली ओळ परत घेता येत नाही.

कोणी उचलली नाही. बयाबाईने पुन्हा टाकली. रोपं लावणारे हात एकेक करून थांबले आणि बायका मोहिनीकडे बघायला लागल्या. शेजारची चिमणाबाई काहीतरी बोलायला गेली, तर बयाबाईने गाता गाताच तिला कोपर मारलं. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. कधी ओळ वर चढून आली, कधी शेवटाशी लांबली, कधी अर्ध्यात श्वास तुटला. मोहिनी छत्रीची मूठ घट्ट धरून उभी राहिली. चौदाव्या वेळी बयाबाईचा आवाज इतका खाली गेला की ओळ कुठे संपली ते कळलंच नाही. मग ती वाकली आणि रोपं लावायला लागली.

"चौदा वेळा, मोहिनी!" परत येताना सरांचे डोळे भरून आले होते. "एकच ओळ, आणि दर वेळी एखादाच सूर वेगळा. मी चार वर्षं जे शिकायला गेलो होतो ते ही बाई चिखलात उभी राहून करते. कुणी रचलंय हे?"

"पारंपरिक आहे, सर."

तेच पत्रिकेवर छापलं गेलं. शब्द पारंपरिक, कवी अज्ञात.

तालमींना सुरुवातीला सगळे कुरकुरायचे. चाळीस मिनिटं एकच ओळ! तृप्ती म्हणायची, "सर, पुढची ओळ येईपर्यंत भात पिकून पोह्यांना जाईल." सर हसायचे. "पुढची ओळ नाहीच आहे. तीच तर गंमत आहे. उत्तर नसलेला प्रश्न." मोहिनी वहीत डोकं घालून बसायची.

आता स्टेजवर चेलोने एकच सूर धरला. मग पुरुषांनी नुसतं 'कोण'. बऱ्याच वेळाने बायकांनी 'कोण येतंय'. व्हायोलिनं बारीक बारीक त्याच चार सुरांभोवती फिरत राहिली, एक सूर कमी, एक जास्त. ऐकणाऱ्याला आधी वाटावं की काही घडतच नाही, आणि मग वाटावं की आता थांबलं तर करमणार नाही. सरांनी खरोखर सुंदर काम केलं होतं. हेच मोहिनीला सोसत नव्हतं. वाईट झालं असतं तर एक वेळ सुटका होती.

शेवटी वाद्यं थांबतात, आवाज एकेक करून गळतात आणि एकच उरतो. तो मोहिनीचा. "'भिजवीत' तुझ्याच तोंडी शोभतं," सर म्हणाले होते. अख्खी ओळ तीन वेळा म्हणायची, दर वेळी हळू.

पहिल्यांदा म्हणताना तिने पहिल्या रांगेकडे बघितलं. बयाबाईने शाल घडी करून मांडीवर ठेवली होती. ती मोहिनीकडे बघतच नव्हती. मान उंच करून स्टेजच्या डाव्या बाजूला बघत होती, मग उजव्या. दुसऱ्यांदा ओळ आली तेव्हा ती खुर्चीत पुढे सरकली. कुणीतरी येईल, एवढी माणसं आहेत, कुणीतरी असेलच. तिसऱ्यांदा मोहिनीला आपला आवाज ऐकू आला नाही. सरांचा हात खाली आला आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले.

मागच्या बोळात चहा आणि बटाटेवडे ठेवले होते. सर बयाबाईंना हाताला धरून घेऊन आले. घामाने त्यांचा कुडता पाठीला चिकटला होता.

"मावशी, कसं वाटलं? खरं सांगा."

"ग्वाड झालं. लय ग्वाड." बयाबाईंनी पदर सावरला. "पण येक इचारू का?"

"विचारा ना."

"येवढी चाळीस माणसं, आन् कुनीच उचललं कसं नाय?"

"उचललं म्हणजे?"

बयाबाईंनी सांगितलं. ओळ टाकायची, उचलायची. सरांचा कप हातातच राहिला.

"म्हणजे पुढची ओळ आहे?"

"आसंल की. नायतर इचारायचं कशाला?"

बोळातली माणसं हसली. सर हसले नाहीत. "मग त्या दिवशी शेतात... तुम्ही चौदा वेळा..."

"उचलणारी नव्हती ना आली," बयाबाई घाईघाईने म्हणाल्या. "तिला बरं नव्हतं त्या दिशी. तिचा काय दोष नाय."

मोहिनी भिंतीला टेकून उभी होती. तृप्तीने तिला ढोसलं. "अगं, तुमच्याच शेतावर येतात ना या? तुला माहीत असेल पुढची ओळ."

मोहिनीने तोंड उघडलं, पण बयाबाई आधी बोलल्या.

"त्यांना कशी ठावं असंल? गिरणीवाल्यांची लेक ती. त्या कशाला चिखलात येत्यात?"

गिरणी! म्हणजे जीपमधून येताना सर सगळं बोलले होते. तासाभराच्या रस्त्यात बयाबाईंनी गिरणी ऐकली, गिळली आणि आता पोरीसाठी पुढे करत होत्या, विचारल्याशिवाय, नाचणीच्या पिठासारखी. चेहऱ्यावर रागाचं नाव नाही. उलट काही चुकलं तर नाही ना, अशा नजरेने त्या बोळात आल्यापासून पहिल्यांदाच मोहिनीकडे बघत होत्या.

मोहिनीने कप खाली ठेवला. तो कलंडला आणि चहा तृप्तीच्या साडीवर गेला. "अगं, अगं!" तृप्ती ओरडली. मोहिनीने तिकडे बघितलंही नाही. तिने श्वास घेतला आणि म्हटलं:

तुझीच लेक गं माये, मूठ दे हातात

आवाज चिरकला. 'माये'वर तर फुटलाच. वड्याकडे गेलेले हात थांबले. सरांनी बयाबाईंकडे बघितलं, मग मोहिनीकडे, आणि खुर्चीवर बसले. मोहिनीला कुणाकडेच बघवेना. तिने तीच ओळ पुन्हा म्हटली, आणखी वाईट.

बयाबाईंनी शाल एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली.

"आवाज खाली धर गं," ती म्हणाली. "लय वर धरलंस. मला पुरत नाय तेवढं."