माझ्या पोटावरची हळद

मित्रांनो, मी कपाशीवर फवारायच्या औषधाचा एक जुना डबा आहे. पाच लिटरचा. माझी गोष्ट सांगायची लाज वाटते, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.

कारखान्यात माझ्या पोटात विष भरलं आणि अंगावर धोक्याचा लाल शिक्का मारला. ढाणकीजवळच्या गावात बबनरावांनी मला वापरलं. रिकामा झालो तेव्हाच मला फोडायला हवं होतं. पण ते म्हणाले, "चांगला मजबूत डबा हाय, फेकाचा कायले?" मग मी गोठ्यात राहिलो.

बबनराव आणि त्यांची बायको मैनाबाई दर कार्तिक पुनवेला जोडीनं पैनगंगेत डुबकी मारत. यंदा बबनरावांचं खुब्याचं हाड मोडलं. बाजेवरून ते म्हणाले, "अवं, तू जाय. मले घोटभर तीर्थ आणजो."

मैनाबाईंनी मला राखेनं, साबणानं घासलं, शिक्का खरवडला आणि पोटावर हळदीचं बोट लावलं. "कसा पांढरा फटक निंगाला!" जन्मात पहिल्यांदा माझं कौतुक झालं. आतला वास साबणाच्या वासाखाली दबला होता, गेला नव्हता, हे मला ठाऊक होतं. बोलता येत नव्हतं हे खरं, पण मी खुश झालो ना! शी!

नदीवर ही गर्दी. बायका दिवे सोडत होत्या, लेकरं डुबक्या मारत होती. त्याच पाण्यात मला बुडवून भरलं. परतताना ऊन तापलं, पण आधी नवऱ्यानं घ्यावं म्हणून मैनाबाई तहानलेल्याच राहिल्या.

घरी त्यांनी वाटी पुढे केली. "घ्या, गंगामाय घरी आली." बबनरावांनी वाटी ओठाशी नेली आणि तोंड फिरवलं.

"तीर्थाले नाही म्हनता?" मैनाबाईंचे डोळे भरून आले.

"वास घे."

मैनाबाईंनी वास घेतला आणि वाटी दूर सारली. "अगं माय! मी तुमाले हे पाजत होते?"

"चूक माही हाय. ठेवला मीच होता."

बबनरावांनी खिळा मागवून माझ्या पोटाला भोकं पाडली. मला बरंच वाटलं. दुसऱ्या दिवशी मैनाबाई पितळी तांब्या घेऊन पुन्हा नदीवर गेल्या.

मित्रांनो, आम्ही रिकामे झालो की लगेच फोडा. आम्हाला पाण्याजवळ, घराजवळ आणू नका. आणि एक विनंती. माझ्या पोटावर ती हळद अजून आहे. तेवढी कुणीतरी पुसून टाका.