साध्या पाण्याच्या कुंड्या

"हे पण हिरवं, ते पण हिरवं! मावशी, आता रिपोर्टमध्ये काय लिहू?" गुंजन मॅडम कुंड्यांसमोर डोकं धरून बसल्या होत्या.

भागीरथाबाईंच्या हातातली झारी हातातच राहिली. भिलाईच्या कारखान्यात कामाला असलेला नवरा वारल्यापासून अकरा वर्षं त्या कॅम्प-१ वस्तीतून या प्रयोगशाळेत येत होत्या. धानाची रोपं लावायची आणि लेकरांसारखी जपायची, हे त्यांचं काम. मॅडमनी चार वर्षं खपून तळ्यातल्या शेवाळाच्या पेशींच्या भिंतींपासून एक अर्क काढला होता. तो पानांवर फवारला की रोपाला वाटतं, शत्रू दारात आला, आणि ते कंबर कसून बसतं. मग करपा रोगाचं त्याच्यापुढे फारसं चालत नाही. हे पटवायला वीस कुंड्यांवर अर्क, वीस कुंड्यांवर साधं पाणी फवारायचं आणि मग सगळ्यांना रोग लावायचा, असं ठरलं होतं. आता चाळीसही कुंड्या हिरव्यागार होत्या. अर्कानं फरक पडतो, हे दाखवायला काहीच उरलं नव्हतं.

गप्प राहिलं असतं तर कुणाला कळलं नसतं. पण बाईंना ते जमेना.

"मॅडम, पाण्याच्या कुंड्यायले बी मी औषधच मारलं."

"कावून, मावशी? असं का केलं? चार साल की मेहनत आहे माझी!"

"आमच्या घरी पंगतीत एकाले वाढून दुसऱ्याले उपाशी ठेवत नाही. तुमी तं सगळ्यायलेच रोग लावून राहिल्या होत्या. त्या वीस जणायनं काय पाप केलं होतं? मले पायवलं नाही."

घ्या! वाचवायला गेल्या आणि प्रयोगच बुडवून बसल्या. मॅडम रागानं लाल झाल्या, मग एक कुंडी ओढून त्यांनी बाईंपुढे ठेवली.

"मावशी, काही रोपं मेल्याशिवाय बाकीची अर्कानं वाचली हे कोणी मानणार नाही. फिर से करावं लागेल. पाणी फवारायला दुसरं कोणी ठेवू?"

"नाही. चूक माही आहे. मीच मारतो पाणी."

आणि त्यांनी मारलं. पुन्हा चाळीस कुंड्या लावल्या, वाढवल्या, आणि वीस रोपांवर, मरणार हे ठाऊक असून, साधं पाणी फवारलं. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. रोग लावल्यावर आठवड्याभरात त्या वीस रोपांच्या पानांवर राखाडी डाग पडले आणि ती करपून गेली. अर्काची वीस डौलात उभी होती.

निकाल बघायला रायपूरहून साहेब लोक आले. वाहवा झाली, मॅडमचे डोळे भरून आले. सगळे हिरव्या कुंड्यांचे फोटो काढू लागले, तशा भागीरथाबाई करपलेल्या कुंड्यांकडे बोट करत पुढे झाल्या. अभिमानानं त्यांचा ऊर भरून आला होता.

"साहेब, यायचा बी फोटू काढा. यायच्या जिवावर तुमचं औषध खरं ठरलं."

साहेबांनी कॅमेरा वळवला. भागीरथाबाईंनी पदर सारखा केला आणि करपलेल्या रोपांच्या ओळीपाशी ताठ उभ्या राहिल्या.