जुन्या दवाखान्याच्या विटा

जुना दवाखाना पाडायला मशीन सकाळीच फाटकाशी आलं, आणि गवंडीणबाई त्याच्यासमोर पाय रोवून उभ्या राहिल्या. काम त्यांच्याच धाकट्या भावाने घेतलं होतं. ठेकेदार झाल्यापासून स्वारीला भारी घाई. सख्ख्या बहिणीशी बोलतानाही डोळा घड्याळावर.

"ताई, बाजूला हो बघू. नव्या दवाखान्याला नवी वीट सांगून ठेवलीय मी."

"आणि हिला काय धाड भरलीय?" बाईंनी छिन्नीने भिंत ठोकली. "ऐक, कशी खणखणीत वाजते! ही भाजायला भट्टीत दिवसच्या दिवस कोळसा जळला. धूर व्हायचा तो होऊन गेला. आता तू ही फोडून खड्ड्यात टाकणार आणि नवीसाठी पुन्हा तेवढाच कोळसा जाळणार. शहाणाच आहेस!"

"एकेक वीट सोडवत बसायला वेळ कुणाला आहे?"

"चुन्यातलं बांधकाम आहे, विटा अख्ख्या सुटतात. दुपारपर्यंत एक भिंत उतरवून दाखवते. निम्म्याहून जास्त फुटल्या तर आण तुझं मशीन आत."

"मागची भिंत उतरव," भाऊ लगेच म्हणाला.

मागची भिंत वीस वर्षांपूर्वी खचली, तेव्हा बाईंनीच ती पुन्हा बांधली होती. विटा जुन्याच, पण माल सिमेंटचा, आणि तोही गरजेपेक्षा कडक. बाईमाणसाच्या हातची भिंत कच्ची, असं म्हणायची कुणाची टाप होऊ नये म्हणून. तेव्हा माल कालवायला हाच भाऊ होता. बेट्याच्या बरोबर लक्षात होतं.

पण माघार घेतील त्या बाई कसल्या! शिडी लावून वर चढल्या आणि घाव घालू लागल्या. पहिली वीट दुभंगली. दुसरीचा चुरा झाला. सांध्यातलं सिमेंट जागचं हलेना, वीटच तुटून येई. बाराव्या विटेला मजूर उगाच इकडेतिकडे बघायला लागले. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं ज्या भिंतीचा तोरा मिरवला, तिनेच आज तोंडघशी पाडलं.

भावाने मशीनवाल्याला हात केला. बाई शिडीवरून उतरल्या त्या थेट मशीनच्या तोंडाशी.

"ताई, शब्द दिला होतास."

"दिला होता. मोडते. आणि ऐका रे सगळे, ती भिंत मी चुकीची बांधली. ताठ्यापायी. पण माझ्या चुकीपायी बाकीच्या तीन भिंतींचा भुगा होऊ देणार नाही."

"आणि चौथीचं काय करू? डोक्यावर घेऊ?"

"सुटत नाही ना? मग उभी राहू दे. नवा दवाखाना तिला धरून बांध."

"अगं, नकाशा बदलावा लागेल!"

"मग बदल की! नकाशा काय भट्टीत भाजायचाय?"

भावाने घड्याळाकडे बघितलं, मग मागच्या भिंतीकडे. बाई त्याच्यासाठी थांबल्याच नाहीत. शिडी बाजूच्या भिंतीला लावून त्यांनी छिन्नी सांध्यात घातली. चुना भुरभुर गळला आणि वीट अख्खी हातात आली. बाईंनी मागे न बघताच ती खाली धरली.

"धर. आणि त्या मशीनला म्हणावं, चालू लाग."

वीट खालून कुणीतरी घेतली. बाईंनी दुसरीला हात घातला, तेव्हा फाटकापाशी मशीन मागे वळत होतं.