कुणाची करणी?

"भोक कुठं गेलं?"

हातातली करणी तशीच धरून गवंडी भिंतीसमोर उभा राहिला. स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखा काढला होता. त्याचं काँक्रीटमध्ये उरलेलं ताटलीएवढं भोक बुजवायलाच तर तो आला होता.

"मिस्त्री, सकाळी सकाळी थट्टा करताय काय?" शेगडीपाशी उभ्या बाई म्हणाल्या.

"थट्टा तुम्ही मांडलीय, ताई. बोलावलं मला, नि काम दिलं दुसऱ्याला? कुणाची करणी ही?"

बाई दचकल्या. "करणी? अहो, माझ्या घरात कसला आलाय जादूटोणा!"

"तसली नव्हे हो!" पाण्याचा डबा खाली ठेवत गवंड्याची बायको घाईनं हसली. "सिमेंट लिंपायची करणी म्हणतायत ते."

"अहो, पण काल तर यांनीच..."

बायकोनं बाईंकडे असं पाहिलं, की पुढचं वाक्य ओठांवरच विरलं.

गवंड्याला त्या दोघींचं काही उमगेना. हल्ली असंच व्हायचं; गोष्ट साऱ्या गावाला ठाऊक, आणि तो आपला वेशीबाहेर. मागं एका दाराला त्यानं उंबरा उलटा बसवला, तेव्हापासून बायको माल कालवायच्या निमित्तानं सोबत येऊ लागली. आणखी एका घरात बभ्रा झाला, की काम सुटलंच. आणि गवंड्याचा हात एकदा रिकामा बसला, की पाया खचलेल्या भिंतीसारखा बसतो. पुन्हा उठत नाही.

त्यानं भिंतीवर तळवा फिरवला. सांधा कुठं लागेना. पेरानं ठोकून पाहिलं. भिंत पोकळ बोलेना. आता रागाला धरायला जागाच उरली नाही.

"हात गोड आहे गड्याचा," तो पुटपुटला. "करणीचा फिरवा उलटा आलाय बघ. डावखुरा असणार."

"असेल की."

"पण पाणी मारलं नाही अजून. तडकेल अशानं."

"विसरला असेल," बायको म्हणाली.

गवंडी डब्याकडे वाकला, आणि थबकला. करणी त्याच्या डाव्या हातात होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. ती डब्यातलं पाणी उगाच ढवळत बसली होती.

"विसरतो माणूस," तो हळूच म्हणाला.

करणी खाली ठेवून त्यानं ओंजळ भरली आणि तान्ह्याचं तोंड धुवावं तसं भिंतीला पाणी लावू लागला. ओला डाग गडद होत गेला.

"मिस्त्री, उद्याही याल ना पाणी मारायला?" बाईंनी मऊ आवाजात विचारलं.

त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

"ही घेऊन येईल त्याला."