काठी सरळ राहिली

"हळू ठेव रे, त्या फळीला कुसळं आहेत," असं मी म्हणेपर्यंत जेव्हॉनने डबा दाणकन आपटलासुद्धा. पांढरा डबा, झाकणावर माशाचं चित्र. माझ्या खाण्याच्या टपरीत बसलेल्या सगळ्यांनी माना लांबवल्या.

"याला रंग म्हणायचं नाही," जेव्हॉन म्हणाला. "बोटीच्या बुडाला लावला की पाण्याला धरायला जागाच राहत नाही. आठ टक्के ओढ कमी! आणि एकदा लावला की तीन वर्षं बघायला नको. घासायचं तर बिलकूल नाही."

हे शेवटचं ऐकल्यावर सगळ्यांनी कोपऱ्यातल्या बाकाकडे पाहिलं. तिथे माझा भाऊ थिओ माशाच्या रश्शात जॉनीकेक, म्हणजे आमची तळलेली भाकरी, बुडवून खात होता.

जेव्हॉन हा व्हर्नलचा मावसभाऊ. जन्मला इंग्लंडात, स्लाऊला, आणि वाढलाही तिथेच. दर ऑगस्टला सुट्टीला आमच्या अँग्विला बेटावर येतो आणि जाताना आम्हाला काहीतरी शिकवून जातो. व्हर्नल म्हणजे आमच्या गावच्या शर्यतीच्या बोटीचा, 'मिस आयव्ही'चा कप्तान. आणि थिओ म्हणजे मिस आयव्हीचं बूड.

हसू नका. थिओने तीस वर्षं पाण्याचा टँकर चालवला, लग्न केलं नाही, माझ्याच आवारात मागच्या दोन खोल्यांत राहतो. अठरा वर्षांचा असताना व्हर्नलच्या बापाने त्याला शर्यतीत बोटीवर घेतलं होतं. पहिलं वळण यायच्या आत हा ओकायला लागला. शेवटच्या टप्प्यात बोट हलकी करायला आमच्याकडे वाळूच्या गोण्या पाण्यात टाकतात, कधी माणसंही उड्या मारतात. थिओला सांगावं लागलं नाही, सरळ उचलून टाकला. गाव वर्षभर हसलं. पुढच्या वर्षी तो न बोलावता आला, बोटीखाली आडवा झाला आणि बूड घासायला लागला. त्याला आता एक्केचाळीस वर्षं झाली.

शर्यतीआधी तीन दिवस त्याचे. आधी जाडा पॉलिश पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक, असे सात प्रकार, शेवटचा पाणी लावून. मग डोळे मिटून सगळ्या बुडावरून तळहात फिरवायचा आणि म्हणायचं, "जाऊ द्या." तो म्हणाला की मगच बारा जणांनी खांदा लावून बोट पाण्यात ढकलायची. शर्यत संपली की माझ्या टपरीत जमिनीवरची शर्यत सुरू होते. कोण कसा वळला, कुणी कुणाचा वारा अडवला, आठवडाभर तोंडं बंद म्हणून होत नाहीत. त्यात एकदा तरी कुणीतरी म्हणणार, "पण बूड थिओचं होतं बाबा." एवढ्या एका वाक्यावर माझा भाऊ वर्ष काढायचा. मला ते माहीत होतं, व्हर्नललाही माहीत होतं. स्लाऊच्या माणसाला कुठून माहीत असणार?

थिओने तोंड पुसलं. "आठ टक्के कमी. कशापेक्षा?"

"म्हणजे?"

"म्हणजे शेवाळ धरलेल्या बोटीपेक्षा? नव्या बोटीपेक्षा? की मी घासलेल्या बोटीपेक्षा?"

जेव्हॉनने डब्याची मागची बाजू वाचली. फिरवून पुढची वाचली. "ते लिहिलेलं नाही, काका."

"मोजलं कुणी?"

"कंपनीने."

"आणि विकतं कोण?"

"कंपनीच."

टपरी खदखदून हसली. व्हर्नल मात्र हसला नाही. "थिओकाका, राग मानू नका," तो म्हणाला. "पण तीन वर्षं आपण दुसरे येतोय. मागच्या वर्षी तुमचे गुडघे धरले, तुम्हाला बोटीखालून ओढून काढावं लागलं. रंगात दम असेल तर लावायला नको का?"

"दम असेल तर मीच ब्रश धरतो," थिओ म्हणाला. "काठी लावू. काठी सांगेल ते खरं."

"आणि मग तुम्ही काय करणार?"

"इथे बसून खाईन. ओरीची टपरी कुठे पळून चाललीय?"

माझ्याकडे बघून हसत हसत बोलला, पण जॉनीकेक अर्धा टाकून उठला. माझा भाऊ ताटात अन्न टाकत नाही.

काठी ही आमच्या बापाची युक्ती. मोटारबोटीच्या मागे एक लांब बांबू आडवा बसवायचा, मधोमध एका बोल्टवर, फिरेल असा. दोन टोकांना दोन दोर, दोरांना दोन सारखी होडकी. मोटारबोट ओढायला लागली की ज्या होडक्याला पाणी जास्त धरतं ते मागे राहतं, आणि काठीचं ते टोकही मागे जातं. माझ्या नवऱ्याने एकाच मापाने बांधलेली दोन जुळी होडकी आवारात पडून होती. एक जेव्हॉनने घेतलं, एक थिओने. जेव्हॉनने सकाळी ब्रश फिरवला, दुपारी दुसरा हात दिला आणि उरलेले दोन दिवस पोहत बसला. थिओने तिन्ही दिवस घासलं. मासळीच्या काट्यावर तोलून आम्ही दोन्हींत सारख्या वजनाचे दगड टाकले.

गुरुवारी सकाळी अख्खं गाव किनाऱ्यावर. व्हर्नल मोटारबोट चालवायला, आणि दोन्ही बाजूंचा विश्वास म्हणून काठी बघायला मी. थिओ बोटीत बसतच नाही, तो कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला.

काठी आधी डुगडुगली. मग सरळ झाली. व्हर्नलने वेग वाढवला, तरी सरळ. दोर काढले, होडक्यांच्या बाजू बदलल्या. पुन्हा सरळ. मी दोन्ही हात पसरून किनाऱ्याला दाखवलं आणि एकच ओरडा झाला.

"गेले आठ टक्के माशाच्या पोटात!" कुणीतरी ओरडलं. "जेव्हॉन, तो डबा आता स्लाऊच्या बसला लाव!"

चार जणांनी थिओला खांद्यावर घेतलं. मीही नाचले, खोटं कशाला सांगू? जेव्हॉनचा चेहरा मात्र एवढासा झाला होता. गावच्या बोटीत आपलंही काहीतरी असावं, म्हणूनच बिचाऱ्याने तो डबा इतक्या लांबून मागवला होता.

त्या दुपारी थिओ जेवायला आला आणि ताटाकडे नुसता बघत बसला.

"ओरी, काठी सरळ राहिली."

"मग? जिंकलास ना! जेव की आता."

"जिंकलो असतो तर त्याचं होडकं मागे पडलं असतं. मी तीन दिवस घासलं, त्याने एका दिवसात दोनदा ब्रश फिरवला. आणि काठी सरळ." त्याने ताट बाजूला सारलं. "त्या पोराला मी विचारलं, कशापेक्षा? मला आजवर कुणी विचारलं नाही गं."

"कुणी विचारायचं होतं?"

"मीच."

शुक्रवारी उजाडताच तो कामाला लागला. जेव्हॉनला विचारून त्याच्या होडक्याचा सगळा रंग खरवडून काढला. मग नुसता जाडा पेपर घेऊन घड्याळ लावून एक तास घासलं आणि हात झटकले. "हे कुणीही करील," म्हणाला. दगड पुन्हा तोलले, काठीच्या दुसऱ्या टोकाला त्याचं तीन दिवस घासलेलं होडकं बांधलं. या वेळी किनाऱ्यावर कुणी नव्हतं. मोटारबोट मी चालवायची होती, आणि मागे काठीजवळ तो बसला.

"तू? बोटीत?"

"दुसऱ्याच्या डोळ्यांनी नको बघायला."

पाच मिनिटांत त्याला ओकारी आली. काठावरून वाकून ओकला, पण नजर काठीवरून हलवली नाही. काठी सरळ होती.

"बाजू बदल."

बदलली. सरळ.

"वेग वाढव."

"थिओ, पुरे झालं रे."

"वाढव म्हणतो ना!"

उभ्या आयुष्यात हा माणूस माझ्यावर ओरडला नव्हता. मी वेग वाढवला. माझ्या मनात आलं, देवा, एवढीशी तरी कलू दे, बोटभर तरी. पण ती कशाला कलते!

मी इंजिन बंद केलं. थिओने खाऱ्या पाण्याने चूळ भरली.

"एक तास," तो म्हणाला. "बूड स्वच्छ झालं, सपाट झालं, की पुढचं पाण्याला काही कळतच नाही. एक तासाचं काम होतं, ओरी. मी एक्केचाळीस वर्षं तीन तीन दिवस करत होतो."

"कुणाला सांगू नकोस."

"आणि त्या पोराला गावासमोर हसलो ते?"

"हसलो तर हसलो! दोन आठवड्यांनी विमानात बसून जाईल तो. तुला इथे राहायचंय. मी तोंड उघडणार नाही, आईची शपथ."

तो दोर गुंडाळायला लागला. मला काठीचा राग आला, ती शिकवणाऱ्या बापाचा आला, आणि सगळ्यात जास्त थिओचा आला. गप्प राहणं इतकं सोपं होतं.

शनिवारी टपरी भरलेली असताना तो बाकावरून उठला आणि सगळं सांगून टाकलं. कसं खरवडलं, किती घासलं, काठी किती वेळा बघितली. "तेव्हा तो डबाही फुकट आणि मीही फुकट," म्हणाला.

कुणी हसलं नाही. व्हर्नल मान खाली घालून म्हणाला, "असं कसं काका? काठीच जुनी झाली असेल."

"गुरुवारी नव्हती झाली ती जुनी?"

थिओने खिशातून बुचाचा ठोकळा काढला. पेपर गुंडाळून घासायचा तो. त्याच्या चार बोटांचे खळगे पडलेत त्यात. तो त्याने जेव्हॉनपुढे धरला.

"सोमवारी सकाळी तू घास. एक तास. जास्त नको, उगाच हात भरून येतील."

"काका, मला नाही जमणार. मी तर..."

"जमेल. डावीकडून सुरू कर, तिथे सावली असते."

जेव्हॉनने तो दोन्ही हातांनी घेतला.

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी, शर्यतीच्या दिवशी, जेव्हॉनने घाम गाळत तासभर बूड घासलं. बारा जणांनी खांदा लावला, पण कुणी ढकलेना. व्हर्नल टपरीकडे बघत उभा होता. थिओने बाकावरूनच हात वर केला.

"अरे जाऊ द्या, जाऊ द्या! वारा थांबणार आहे का तुमच्यासाठी?"

मिस आयव्ही गेली, आणि जिंकली. तीन बोटी मावतील एवढ्या अंतराने जिंकली. गाव पाण्यात शिरून नाचत होतं आणि मी एवढी चिडले होते की मटणाचा रस्सा करपला. हरली असती तर काय बिघडलं असतं तिचं?

मग जमिनीवरची शर्यत सुरू झाली. शिडाबद्दल बोलून झालं, वाऱ्याबद्दल झालं, गोण्या नेमक्या कधी टाकल्या त्याबद्दल झालं, व्हर्नलच्या नजरेबद्दल तर दोन दिवस चाललं. बुडाचं नाव कुणी काढलं नाही. ती माणसं वाईट नाहीत हो. थिओने त्यांना खरं सांगितलं होतं आणि त्यांनी ते खरं मानलं, इतकंच. तो कोपऱ्यात बसून ऐकायचा, जिथे सगळे हसतील तिथे हसायचा.

गुरुवारी सकाळी मी टपरी उघडायला गेले तर फळीवरच्या बरण्या खाली काढून ठेवलेल्या, आणि थिओ वाकून फळी घासतोय.

"आता सुचलं होय तुला?" मी म्हटलं. "सात वर्षं मी घसा कोरडा केला. कुसळं लागतात, बाह्या फाटतात, तर तुझं एकच, आधी मिस आयव्ही!"

"आता रिकामाच आहे ना."

तासाभरात कुसळं गेली. मी हात लावून बघितलं आणि पटकन बोलून गेले, "झालं की रे! तासाभरात झालं." बोलले आणि जीभ चावली.

त्याने पुढचा पेपर काढला, त्याहून बारीक. गिऱ्हाइकं आली, त्यांना मी मागच्या दारातून वाढलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्याने फळीवर पाणी शिंपडलं, सातवा पेपर फिरवला, कोरड्या कापडाने पुसली आणि मला हाक मारली.

"डोळे मीट. हात फिरव."

"अरे, माझे हात मासळीचे."

"फिरव गं. आणि खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून नको सांगूस. परवा तासाभराने होती, त्यापेक्षा फरक कळतो?"

मी डोळे मिटले आणि फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हात नेला. भाजलेली, चिरलेली बोटं आहेत माझी, पण हात कुठेही अडला नाही. मी पुन्हा फिरवला. मला रडू यायला लागलं, म्हणून तिसऱ्यांदाही फिरवला.

"कळतो," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की. आईची शपथ."

त्याने उरलेल्या पेपरची नीट घडी केली, खिशात घातली आणि आपल्या बाकावर जाऊन बसला. मी गरम जॉनीकेक दिला. त्याने तो सगळा खाल्ला.