पाण्यातलं माप

आमच्या धंद्यात तोंड चालवणारे लई, हात चालवणारे कमी. मी दोन्ही चालवतो, हे पहिलेच सांगून ठेवतो. मंग नंतर म्हणू नका, शालिकराम बढाया मारून राहिला म्हणून.

नागपूरच्या इतवारीत माझं बुटाचं दुकान. पोलिओनं पाय गेलेल्या पोरायले डॉक्टर चिठ्ठी देत आन् माझ्याकडं पाठवत. एका पायाचा तळ उंच, बाजूनं लोखंडी पट्टी, वरून चामड्याचा पट्टा, असा बूट कराव तं शालिकरामनंच, असं लोक म्हणत. मलेही ते खरंच वाटे.

जया अशीच चिठ्ठी घेऊन आलेली. सात वर्षांची होती तवा. उजवा पाय काडीसारखा. मायचं बोट धरून आली, स्टुलावर बसली, आन् दुकानभर पाहत राहिली. मी कागद ठेवला, तिले त्याच्यावर उभं केलं, आजारी पाय हातानं दाबून टेकवला आन् पेन्सिल फिरवली. त्या दिवसापासून दर दोन वर्षांनी तिचा बूट मीच करत आलो. आता पोरगी एकोणीस वर्षांची झाली होती. मले काका म्हणे.

अठ्ठ्याहत्तर सालच्या भादव्यात ती आली आन् म्हणे, "काका, मले बदकाचे पंजे करून द्या."

"काहून वं? अंडे द्याचे आहेत का?"

हसली नाही. तवा मी चामडं कापाची रापी बाजूले ठेवली.

जयाचे लोक ढिवर, तलावावर पोट भरणारे. वस्तीमागच्या तलावात शिंगाडा लावतात. तलावाचे वाटे पाडलेले, बांबू रोवून, एकेका घराचा एकेक वाटा. जयाचा बाप रुपराव होळीच्या महिन्यात काविळीनं गेला. भाऊ नाही. माय प्रयागबाई, तिले पोहणं येत नाही. आन् त्यायच्या सोसायटीचा जुना रिवाज असा का पहिल्या तोड्याच्या दिवशी, म्हणजे दसऱ्याले पहिले शिंगाडे तोडतात तवा, घरच्याच माणसानं पाण्यात उतराव, आपल्या बांबूपर्यंत जाव, टोपलं भरून आणाव आन् पायऱ्या चढून वर वजनकाट्याजवळ ठेवाव. टोपल्याले दुसऱ्याचा हात लागला तं वाटा दुसऱ्या घराले. मजूर चालत नाही, सोयरा चालत नाही.

"गणपतराव म्हणतात, तुमच्या घरी आता माणूस कुठं आहे," जया म्हणे. गणपतराव म्हणजे सोसायटीचा मुख्य. "मी म्हटलं, मी आहे. तं हसले."

वाटा गेला तं या मायलेकीनं खावं काय? हे तिनं सांगितलं नाही. सांगाचं कामच नव्हतं.

पोरीचे हात मजबूत. दोन ट्रकच्या टूबा, त्यावर आडवी फळी, फळीवर गुडघे टेकून ती वाकते आन् वेल उचलून शिंगाडे तोडते. पण हात तोडण्यात गुंतले का फळी चालवाची कशानं? मागं पाण्यात सोडलेल्या पायानं. आन् पाय तं असे. गांधीसागरात एकदा मिलिटरीचे पाणबुडे उतरले होते, त्यायच्या पायात तिनं रबराचे पंजे पाहिले. एक लाथ मारली का माणूस सप्पकन पुढं जाय म्हणे.

"दसऱ्याच्या आधी पाहिजेत," ती म्हणे. "बारा दिवस आहेत."

मी आयुष्यात कधी पंजे पाहिले नव्हते. पण नाही म्हणेन तं शालिकराम कसला! कागद ठेवला, तिले उभं केलं, पाय दाबला आन् माप घेतलं.

पाऊल जाते तो भाग ट्रकच्या टूबेचा केला. पंज्याले टायरची पट्टी लावली. दुसऱ्या दिवशी जया परत आली, पोटरी धरून. पट्टी इतकी कडक का दहा लाथांत गोळे आले. मंग सायकलच्या टूबेचा पंजा केला, तो पाण्यात पापडासारखा दुमडे. जोर पाहिजे तं पाय दुखे, पाय सुखी ठेवावा तं जोर नाही. मले राग आला. रबरावर आला, आन् निघाला बायकोवर. ती म्हणे, "चक्कीवाल्याच्या दारात जुना पट्टा पडला आहे, तो पाहा ना. माह्यावर काहून ओरडता?"

पट्टा बराबर निघाला. आत कापड, वरून रबर. वाके, पण परत सरळ होय. चांगल्या पायाले रुंद पंजा केला, आजारी पायाले आखूड आन् मऊ. रोज ती येई, रोज मी विचारी, "कुठं लागते? इथं? का इथं?" ती सांगे, मी कापी. दुकानात तं पंजे असे बसले का ओढून निघेनात. मी छाती फुगवून म्हटलं, "जा, पार कर तलाव."

संध्याकाळी प्रयागबाई आली. हातात दोन्ही पंजे.

"शालिकभाऊ, पाण्यात गेलं का निसटतात. एक तं बुडालाच. बुडी मारून काढला तिनं."

"मंग ती लाथ चुकीची मारत असन," मी म्हटलं. "माझं माप चुकत नाही."

बाई मोठी शांत. म्हणे, "तुम्ही एकदा पाण्यात येऊन पाहा."

मले पोहणं येत नाही. धोतर खोचून कमरेएवढ्या पाण्यात उतरलो, देवाचं नाव घेत, आन् वस्तीतल्या बाया पदर तोंडाले लावून हसून राहिल्या. जया फळीवर गुडघे टेकून. मी मागून तिचा उजवा पाय धरला, आन् बाप्पा! हा पाय माझ्या ओळखीचाच नव्हता. कागदावर मी दाबून टेकवे तवा तो पसरट होय, बोटं फाकत. पाण्यात त्याच्यावर भारच नाही. अरुंद, बोटं जवळ आलेली, पाऊल खाली झुकलेलं. चांगला पायही तसाच, उभ्या मापापेक्षा बोटभर बारीक. मी जमिनीवर उभ्या माणसाचं माप घेतलं होतं, आन् वापराचं होतं पाण्यात. तीस वर्षं चांभारकी केलेला मी, माप घ्याचं म्हणजे माणसाले उभं कराचं, याच्यापलीकडं डोकंच चाललं नाही.

"तुह्या लाथेचा दोष नाही पोरी," मी म्हटलं. माफी मागणं मले जमत नाही, हे तेवढंच जमलं.

सुतळी घेऊन पाण्यातच माप घेतलं. गाठी मारल्या. थंडीनं दात वाजून राहिले होते, तरी प्रत्येक जागी विचारलं, "इथं लागते का?" नवे पंजे केले. आतून घालाले जुन्या कांबळीचे मोजे शिवले, तळाले टूब चिकटवली, म्हणजे टाच घासणार नाही आन् शिंगाड्याचा काटाही रुतणार नाही. दसऱ्याले चार दिवस होते. जयानं घालून पाहिले, तलावाचा एक फेरा मारला आन् बांबूजवळून दोन्ही हात वर करून ओरडली. मी काठावर एकटाच नाचलो म्हटलं तरी चालन.

पहिल्या तोड्याच्या सकाळी सारी वस्ती पायऱ्यांवर. जयाचे बूट मी हातात धरले होते. गणपतराव वर काट्याजवळ बसले. मले पाहून म्हणे, "का गा शालिकराम, पोरीले बदक केलं म्हणते?"

"हाव. तुम्हाले पाहिजे तं बगळा करून देतो."

लोक हसले. तेवढ्यात जया निघाली. काय सांगू! दोन लाथा, तीन लाथा, फळी वेल कापत चालली. डावा पाय जोराचा म्हणून फळी एकीकडं वळे, ती अंग झुकवून सरळ करी. चांगले धडधाकट पोट्टे मागं राहिले. बांबूजवळ वाकली, दोन्ही हातानं तोडत गेली, मागं पंजे हळूहळू फळी पुढं सरकवत राहिले. टोपलं भरलं. परत आली ती तिसऱ्या नंबरानं. प्रयागबाई रडून राहिली होती, आन् मीही काही कमी नव्हतो.

पण अजून अकरा पायऱ्या होत्या. टोपलं वर न्याचं होतं, दुसऱ्याचा हात न लागता.

जयानं पंजे काढले, मोजे काढले. मी लगबगीनं खाली गेलो, बूट पुढं केले. "घाल, आन् चढ."

तिनं बुटाकडं पाहिलं, मंग माझ्याकडं. हळूच म्हणे, "राहू द्या काका. ते चावतात. वजन घेऊन नाही चढता येणार."

आन् ती पायरीवर उलटी बसली. हात मागं टेकून अंग एक पायरी वर उचललं, मंग टोपलं ओढून मांडीशी घेतलं. परत अंग, परत टोपलं. ओल्या शिंगाड्याचं वजन काही थोडं नसते. सातव्या पायरीवर टोपलं कललं, पाच-सहा शिंगाडे घरंगळत माझ्या पायापाशी आले. मी उचलले नाहीत. हात लागला असता. मी बूट धरून उभा होतो. ते चावतात, एवढंच डोक्यात फिरून राहिलं होतं.

ती काट्याजवळ पोचली. गणपतरावानं टोपलं बराच वेळ पाहिलं. मंग कारकुनाले म्हणे, "लिही. जया रुपराव." आन् स्वतः उठून तिले बसाले आपली चटई दिली.

लोक पांगले तवा मी वर गेलो. तिच्याजवळ बसलो.

"कवापासून चावतात?"

"पहिल्यापासूनच."

"बारा वर्षं? आन् सांगितलं नाही? मी इथं मेलो होतो का?" आवाज चढला माझा, आन् लगेच उतरला.

तिनं ओली वेणी पिळली. रागावून नाही बोलली, साधंच बोलली. "पंज्याच्या टायमाले तुम्ही रोज विचारलं काका, कुठं लागते म्हणून. बुटाच्या टायमाले कधी विचारलंच नाही."

मी तिचा उजवा पाय उचलून मांडीवर घेतला. या खेपेले दाबला नाही.

"कुठं लागते?"

तिनं बोट ठेवलं. मंग दुसऱ्या जागी ठेवलं. मंग तिसऱ्या.